दातांची काळजी आणि जीवनसत्त्वं: कुठलं काम आधी, कुठलं नंतर

हिरडीतून रक्त आलं की व्हिटॅमिन सी, तोंड आलं की बी-कॉम्प्लेक्स, दात ठिसूळ वाटला की कॅल्शियम. मुंबईतल्या कुठल्याही केमिस्टच्या काउंटरवर या तीन मागण्या रोज होतात. गोळ्या वाईट नाहीत, चुकतो तो क्रम. हिरडीतून येणाऱ्या रक्ताचं कारण बहुतेक वेळा दात आणि हिरडी जिथे भेटतात तिथे साचलेला जंतूंचा थर असतो, आणि तो गोळीने निघत नाही. दाताचं कवच, म्हणजे इनॅमल, एकदा तयार झालं की पोटातून घेतलेल्या कॅल्शियमने भरून येत नाही, कारण त्यात रक्तवाहिन्याच नसतात. उलट, ज्याचं बी-१२ खरोखर कमी आहे त्याने कितीही नीट ब्रश केलं तरी जिभेची आग थांबत नाही.

म्हणून आधी आपल्या तोंडात नेमकं काय चाललंय ते शोधायचं. मग खाण्याच्या वेळा आणि सफाई दुरुस्त करायची. मग लागेल तेवढीच रक्ततपासणी, आणि गोळी सगळ्यात शेवटी. खालचे टप्पे याच क्रमाने आहेत.

## तयारी

पंधरा दिवस हाताशी ठेवा. गणपती, दिवाळी किंवा घरच्या लग्नाचा आठवडा निवडू नका, त्या दिवसांतलं खाणं तुमचं रोजचं खाणं नसतं.

- एक छोटी वही. मोबाइलमध्ये नोंद ठेवायची असेल तरी चालेल, पण प्रत्येक वेळी लगेच लिहायला हवं.
- हातात धरायचा छोटा आरसा आणि मोबाइलचा टॉर्च.
- मऊ केसांचा ब्रश, धागा म्हणजे फ्लॉस, आणि सध्या वापरात असलेल्या टूथपेस्टचा खोका.
- गेल्या वर्षभरातले रक्ताचे रिपोर्ट.
- सुरू असलेल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्यांचे फोटो. केस-नखांसाठी, 'ताकदीसाठी' किंवा झोपेसाठी घेत असलेल्या गोळ्याही त्यात धरा. लोक नेमक्या याच सांगायला विसरतात.

## टप्पा १: औषधं आणि आजार यांची यादी

दात सगळ्यांना सारखेच असले तरी धोका सारखा नसतो. वहीच्या पहिल्या पानावर पुढच्यापैकी काय लागू आहे ते लिहून काढा.

तोंड कोरडं करणारी औषधं: सर्दी-अ‍ॅलर्जीच्या गोळ्या, रक्तदाबाची काही औषधं, नैराश्यावरची बरीच औषधं. लाळ हा दाताचा सगळ्यात मोठा रक्षक आहे. ती आम्ल धुते आणि कवचाला खनिज परत देते. लाळ कमी झाली की वर्षानुवर्षं चांगले राहिलेले दातही हिरडीच्या कडेला भराभर किडू लागतात.

मधुमेह: साखर ताब्यात नसेल तर हिरड्यांचा आजार बळावतो, आणि हिरड्या सुजलेल्या राहिल्या तर साखरही ताब्यात यायला त्रास होतो. शेवटचा एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी, किती होता तो आकडा लिहा.

मेटफॉर्मिन किंवा पित्तासाठी रोज घेतली जाणारी पँटोप्राझोल-ओमेप्राझोलसारखी गोळी: ही औषधं वर्षानुवर्षं चालू असतील तर शरीरातलं बी-१२ घटू शकतं. शाकाहारी माणसाला हा धोका दुप्पट लक्षात ठेवायला हवा.

हाडांच्या ठिसूळपणासाठी अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी किंवा झोलेड्रोनेटचं इंजेक्शन: दात काढल्यावर जबड्याचं हाड नीट न भरण्याचा धोका यात असतो. हे औषध सुरू व्हायचं असेल तर दातांची कामं आधी उरकून घ्या. सुरू झालेलं असेल तर डेंटिस्टला खुर्चीत बसायच्या आधी सांगा.

तंबाखू, गुटखा, सुपारी, मिश्री: लपवू नका. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. गावाकडून येणाऱ्या डबीत असली तरी ती दंतमंजन ठरत नाही.

सावध: रक्त पातळ करणारी गोळी दात काढायच्या आधी स्वतःच्या मनाने बंद करू नका. ती कधी आणि किती थांबवायची, थांबवायची की नाही, हे हृदयाचे डॉक्टर आणि डेंटिस्ट मिळून ठरवतात.

## टप्पा २: आरशासमोर दहा मिनिटं

रात्री ब्रश करण्याच्या आधी आरशासमोर उभे राहा. टॉर्च बाजूने मारा, समोरून मारला की ओल्या दातावर फक्त चकाकी दिसते.

पहिल्यांदा खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू, जिभेकडची. लाळेच्या मोठ्या ग्रंथींची तोंडं इथेच जिभेखाली उघडतात, म्हणून कीटण, म्हणजे दातावर कडक झालेला जंतूंचा थर, सगळ्यात आधी इथे जमतं. नख फिरवून पाहा. दात गुळगुळीत लागला पाहिजे. खरखरीत, पिवळसर कड लागली तर ते कीटण आहे आणि ते ब्रशने निघणार नाही. दुसरी जागा वरच्या दाढांची गालाकडची बाजू. तिथेही लाळेची वाट उघडते.

मग हिरडीची कड. निरोगी हिरडी दोन दातांमध्ये टोकदार शिरलेली असते आणि घट्ट दिसते. सुजलेली हिरडी गोलसर, चकचकीत आणि लालभडक दिसते. आपली सावळी त्वचा असते तशी अनेकांची हिरडीही मुळातच काळसर असते. ते रंगद्रव्य आहे, आजार नव्हे. रंग किती गडद आहे यापेक्षा सूज आणि रक्त पाहा.

आता जीभ. वरचा बारीक खडबडीतपणा गेलेला, जीभ लाल आणि सपाट झालेली, तिखट लागताच आग होते, ओठांचे कोपरे चिरलेत: हे एकत्र दिसलं तर बी-१२, फोलेट किंवा लोहाची कमतरता शोधायला हवी. तशी नोंद करा. गोळी अजून नको.

शेवटी तीन बोटांची परीक्षा. स्वतःच्याच हाताची मधली तीन बोटं उभी करून वरच्या आणि खालच्या दातांमध्ये बसतात का पाहा. सुपारी-गुटखा खाणाऱ्याला ती बसत नसतील, गालाची आतली बाजू पांढरट आणि ताठ लागत असेल, तर तो तोंड आखडत जाण्याचा आजार जीवनसत्त्वांनी बरा होणारा नाही. सुपारी त्याच दिवशी थांबवायची आणि तपासून घ्यायचं.

तपासा: तोंडातला कुठलाही व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही, तर बाकीचे टप्पे बाजूला ठेवून थेट डेंटिस्टकडे जा. बी-कॉम्प्लेक्सची एक पट्टी संपेपर्यंत थांबायचं, मग दुसरी आणायची, यात महिने जातात. तोंडाच्या कॅन्सरमध्ये तेच महिने मोलाचे असतात.

## टप्पा ३: चार दिवसांची खाण्याची वही

हा टप्पा बहुतेक जण गाळतात, आणि सगळ्यात जास्त उत्तरं इथेच मिळतात.

गोड किंवा पिठूळ काही तोंडात गेलं की जंतू काही मिनिटांत आम्ल तयार करतात. तोंडातला पीएच, म्हणजे आम्लाचं माप (आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त), साधारण ५.५च्या खाली गेला की कवचातलं खनिज सुटू लागतं. लाळेला ते पूर्ववत करायला अर्धा ते एक तास लागतो. म्हणजे दाताच्या दृष्टीने साखर किती खाल्ली यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्ली याला जास्त महत्त्व आहे.

चार दिवस लिहा: दोन कामाचे, एक सुट्टीचा, एक उपवासाचा. उपवास करत नसाल तर तिसरा कामाचा दिवस घ्या. प्रत्येक वेळी फक्त वेळ आणि पदार्थ, वजन नको. पाणी सोडून तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट लिहा. खोकल्याची चोखायची गोळी, रंगीत बडीशेप, होमिओपॅथीच्या साखरेच्या गोळ्या, च्यवनप्राशचा चमचा, सगळंच.

कल्याणहून सीएसएमटीला कामाला येणाऱ्या माणसाचं पान साधारण असं निघतं:

सकाळी ६.१५ चहा, दोन बिस्किटं. ७.२० गाडीत खोकल्याची गोळी. ९.३० ऑफिसात चहा. ११.०० पुन्हा चहा. १.०० डबा. १.३० बडीशेप. ४.०० चहा आणि क्रीमचं बिस्किट. ६.४० स्टेशनबाहेर उसाचा रस. ९.३० जेवण. १०.४५ ब्रश करून झाल्यावर साखर घातलेलं हळदीचं दूध.

हा माणूस 'गोड खात नाही' असं मनापासून सांगेल. खरंही आहे, मिठाई कुठेच नाही. पण दातांवर आम्लाचा मारा दहा वेळा झाला. सकाळी सव्वासहापासून दीडपर्यंत लाळेला श्वास घ्यायला फारशी उसंतच मिळाली नाही, आणि शेवटचं गोड दूध रात्रभर दातांवर राहिलं. झोपेत लाळ जवळजवळ थांबते.

आता दुरुस्ती. चहा सोडायला सांगू नका, सोडला जात नाही. वेळा जोडा. सकाळचा चहा नाश्त्यासोबत. ९.३० किंवा ११ यांतला एक चहा बिनसाखरेचा, तो मोजायचा नाही. बडीशेप साधी, साखर न लावलेली. चारचा चहा आणि संध्याकाळचं खाणं एकाच वेळी. उसाचा रस घ्यायचाच असेल तर त्या खाण्यासोबत. हळदीचं दूध ब्रशच्या आधी. दहाचे सहाच्या आसपास होतात, आणि आवडीचं फारसं काही सुटत नाही. दिवसाला चारपर्यंत वेळा हे लक्ष्य ठेवा.

चुका इथे होतात: चहा गार होईपर्यंत अर्धा तास घोट घोट घेणं, बिस्किटाचा लगदा दाढेच्या खाचेत तसाच राहू देणं, आणि उपवासाच्या दिवशी दर दोन तासांनी काहीतरी तोंडात टाकणं. साबुदाणा, बटाट्याच्या सळ्या, खजूर, चिक्की हे सगळं दाताला चिकटणारं आहे. उपवास असेल तर दोनदाच पोटभर खा, मध्ये पाणी किंवा ताक घ्या.

आंबट पदार्थांचा हिशेब वेगळा. लिंबू सरबत, कोकम, चिंच, कैरी, सोडा यांतलं आम्ल जंतूंची वाट पाहत नाही, ते थेट कवचावर काम करतं. 'दात आंबले' म्हणतो ते त्याचंच लक्षण. आंबट झाल्यावर साध्या पाण्याने चूळ भरा आणि अर्धा तास ब्रश करू नका, नाहीतर मऊ पडलेलं कवच ब्रशने घासून निघतं. सकाळी उठल्या उठल्या कोमट लिंबूपाणी आणि लगेच ब्रश, ही जोडी फार घरांत दिसते. ती मोडा.

## टप्पा ४: डेंटिस्टकडे वही घेऊन जा

वही, औषधांचे फोटो आणि आरशातल्या नोंदी दाखवा. तीन गोष्टी नीट मागून घ्या.

एक, हिरडीच्या कडेची खोली मोजणं. बारीक खुणा असलेल्या सळईने प्रत्येक दाताभोवती मोजतात. ३ मिलिमीटरपर्यंत ठीक, ४ आणि पुढे म्हणजे हिरडी दाताला सोडू लागली आहे. दोन, दाढांमधल्या फटींचा चावून घेतात तो छोटा एक्स-रे. दोन दाढांच्या मधली कीड आरशात दिसत नाही, दुखायला लागते तोवर आत पोचलेली असते. तीन, तुमचा धोका कमी, मध्यम की जास्त, हे स्पष्ट शब्दांत, आणि त्यानुसार पुढची तारीख. कमी धोक्याच्या माणसाला वर्षाने आलं तरी चालतं. जास्त धोका असेल तर तीन ते सहा महिने. सगळ्यांना सरसकट 'सहा महिन्यांनी या' यात तुमच्या तोंडाचा विचार नसतो.

कीटण असेल तर स्केलिंग, म्हणजे ते खरवडून काढणं, याच भेटीत किंवा लगेचच्या भेटीत करून घ्या. स्केलिंगने दात हलायला लागतात हा समज अजून जात नाही. हाड आधीच झिजलेलं असतं आणि कीटणाने दातांना एकमेकांशी धरून ठेवलेलं असतं. ते निघालं की हललेला दात कळतो, एवढंच. उशीर करण्याने हाड आणखी जातं.

खासगी दवाखाना परवडत नसेल तर सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे, आणि मुंबई सेंट्रलला नायर रुग्णालय दंत महाविद्यालय. सकाळी लवकर पोचा. आधीचे कागद आणि वही सोबत असली की तपासणारा विद्यार्थी-डॉक्टर योग्य विभागात लगेच पाठवू शकतो.

## टप्पा ५: रोजची सफाई, याच क्रमाने

रात्रीची सफाई महत्त्वाची. सकाळची घाईत झाली तरी एक वेळ चालेल, रात्रीची नाही.

१. आधी धागा. साधारण ४०–४५ सेंटिमीटर तोडा, दोन्ही मधल्या बोटांना गुंडाळा. फटीत घालताना करवतीसारखा हळूच सरकवा, झटका देऊ नका. मग एका दाताला मिठी मारल्यासारखा वळवून हिरडीच्या किंचित खालपासून वर ओढा, मग शेजारच्या दाताला तसंच. फटी मोठ्या असतील तर धाग्यापेक्षा फटीत जाणारा बारीक ब्रश चांगला. माप डेंटिस्टकडून ठरवून घ्या. सैल ब्रश काही काढत नाही, घट्ट ब्रश हिरडी जखमी करतो.

२. जीभ उलीने दोन-तीनदा हलक्या हाताने, मागून पुढे.

३. ब्रश. केस हिरडीच्या कडेशी तिरके, अर्धे दातावर अर्धे हिरडीवर. एका वेळी दोन-तीन दात, आठ-दहा बारीक थरथरत्या हालचाली, मग चावायच्या कडेकडे झाडल्यासारखा ओढा. पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला ब्रश उभा धरा. एकूण दोन मिनिटं.

४. थुंका आणि थांबा. चूळ भरू नका. खळखळून तीन-चार चुळा भरायची सवय आपल्याला लहानपणापासून लावलेली असते, आणि तिथेच टूथपेस्टमधलं फ्लोराइड मोरीत जातं. फेस थुंकून टाका, राहिलेला पातळ थर दातांवर राहू द्या. चव नको वाटत असेल तर फक्त एक छोटा घोट पाणी फिरवून थुंका. त्यानंतर झोपेपर्यंत काहीही खाणं-पिणं नाही. माउथवॉश लागत असेल तर तो दुपारी जेवणानंतर वापरा, ब्रशनंतर नको.

टूथपेस्टच्या खोक्यावर फ्लोराइडचं प्रमाण वाचा. आपल्याकडे टूथपेस्टमध्ये ते १,००० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत हजार भाग) जास्त ठेवता येत नाही. हर्बल नावाच्या बऱ्याच पेस्टमध्ये ते अजिबात नसतं. कोळसा, मीठ, विटकर, जाडसर दंतमंजन कवच झिजवतात. दात काही दिवस पांढरे दिसतात आणि मग हिरडीच्या कडेला खाच पडून गार पाण्याने सणक येऊ लागते.

फ्लोराइडची भीती असणाऱ्यांसाठी एक फरक. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडसारख्या जिल्ह्यांत बोअरच्या पाण्यात काही ठिकाणी फ्लोराइड जास्त असतं आणि तिथे वाढलेल्या मुलांच्या दातांवर डाग दिसतात. मुंबईला पाणी धरणं आणि तलावांमधून येतं. अशा पाण्यात ते सहसा कमीच असतं, शिवाय आरओ लावला तर आहे तेही बरंचसं गाळलं जातं. म्हणून इथे पेस्टमधल्या फ्लोराइडवर भिस्त ठेवावी लागते. सोसायटीत वर्षभर बोअर किंवा टँकरचंच पाणी प्यायलं जात असेल तर एकदा तपासून घ्या.

तपासा: रक्त येतं तिथे ब्रश टाळू नका, तिथेच हलक्या हाताने जास्त नीट करा. नियमित सफाईने सात ते दहा दिवसांत रक्त कमी व्हायला लागतं. दोन आठवड्यांनंतरही तेवढंच असेल तर कारण कीटण, हिरडी आणि दात यांच्यामधले खोल कप्पे किंवा अंगातलं दुसरं काही आहे. तीन महिन्यांच्या आत ब्रशचे केस फाकत असतील तर तुम्ही जोर लावताय.

## टप्पा ६: आता जीवनसत्त्वं

इथवर आल्यावर तुमच्याकडे नोंद आहे: जिभेवर काय दिसलं, औषधं कुठली, खाणं कसं. आता ज्याची शंका आहे तेवढीच तपासणी. साधारणपणे सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), बी-१२ आणि २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी पुरतात. गरजेनुसार फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी.

सावध: गोळ्या सुरू करण्याच्या आधी रक्त द्या. बी-१२ची गोळी चार दिवस घेऊन मग तपासलं तर आकडा चांगला येतो आणि मूळ कमतरता लपते. केस-नखांच्या गोळ्यांमधलं बायोटिन काही तपासण्यांचे आकडे बिघडवतं. डॉक्टरांना विचारून दोन-तीन दिवस आधी ती थांबवा.

### डी

कॅल्शियम आतड्यातून शोषलं जाण्यासाठी आणि जबड्याच्या हाडासाठी डी लागतं. २० नॅनोग्रॅमच्या खाली आकडा असेल तर कमतरता धरतात. भरपूर ऊन असलेल्या मुंबईत ही कमतरता का, तर घर ते गाडी, गाडी ते ऑफिस यात अंगावर ऊन पडतच नाही. सकाळी सातचं कोवळं ऊन छान वाटतं, पण डी तयार करणारे किरण त्यात फार थोडे असतात. साधी खूण: जमिनीवरची सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाच ऊन उपयोगी. काचेच्या आड बसून उपयोग नाही. पावसाळ्याचे चार महिने हा मार्ग जवळजवळ बंदच असतो. ताटातून बांगडा, तारली आणि अंड्याचा पिवळा बलक यांनी थोडी भर पडते.

प्रौढाची रोजची गरज ६०० आययू (जीवनसत्त्व मोजायचं आंतरराष्ट्रीय एकक). केमिस्टकडे मिळणारी पुडी किंवा कॅप्सूल ६०,००० आययूची असते. ती कमतरता भरून काढायला ठरावीक आठवडे, आठवड्यातून एकदाच, तीही चिठ्ठीवर. इथे दोन चुका होतात. एक, आठवड्याची गोळी रोज घेणं. दोन, आठ आठवड्यांनी थांबवायची ती वर्षभर चालू ठेवणं. डी चरबीत साठतं, लघवीतून सहज निघून जात नाही. जास्त झालं की रक्तात कॅल्शियम चढतं, उलट्या होतात, मूत्रपिंडावर ताण येतो. पुडीवर घ्यायची तारीख पेनाने लिहून ठेवा, दुधासोबत किंवा जेवणानंतर घ्या.

### बी-१२ आणि फोलेट

वारंवार तोंड येणं, जिभेची आग, ओठांचे कोपरे चिरणं, हातापायाला मुंग्या. बी-१२ २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता, २०० ते ३०० मध्ये शंका. ते वनस्पतींमध्ये नसतं. दूध, दही, पनीर, अंडी, मासे यांत असतं. दूधही न घेणाऱ्याला गोळी किंवा पूरक घातलेले पदार्थ लागतातच, स्पिरुलिनावर विसंबू नका.

फक्त फॉलिक अ‍ॅसिड घेतलं तर रक्ताचा रिपोर्ट सुधारतो आणि बी-१२अभावी होणारं नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं. म्हणून आधी बी-१२चा आकडा. आणि कोपरे चिरण्याचं कारण दरवेळी जीवनसत्त्व नसतं. सैल कवळी आणि बुरशी यांनीही ते होतं.

### सी

हिरडीचा धागा, म्हणजे कोलॅजन, बनायला सी लागतं. पुरुषाला रोज ८० आणि बाईला ६५ मिलिग्रॅम पुरतं. एक मध्यम पेरू यापेक्षा जास्तच देतो. गोळीची गरज क्वचित. घेतलीच तर गिळायची घ्या, चघळायची नको. चघळायची आंबट गोळी दाढांच्या खाचांत बसून तेच करते जे चिंच करते, आणि लोक ती हिरड्यांसाठी म्हणून रोज चोखतात. पाण्यात फसफसणारी असेल तर एकदम पिऊन टाका, वर साधं पाणी प्या. शिजवल्यावर सी कमी होतं, म्हणून पेरू, आवळ्याची फोड, कच्ची सिमला मिरची जेवणातच घ्या.

### कॅल्शियम

प्रौढाला रोज १,००० मिलिग्रॅम. गोळीआधी ताट मोजा. ५० ग्रॅम पिठाची नाचणीची भाकरी साधारण १७५ मिलिग्रॅम देते, दोन भाकऱ्या ३५०. पाव लिटर दूध सुमारे ३००. एक वाटी दही १८०च्या आसपास. सालासकट तिळाच्या चटणीचा मोठा चमचा १००च्या जवळपास. इथेच साडेनऊशेच्या आसपास झालं. तीळ चिक्कीत न खाता चटणीत खाल्ले तर दाताला चिकटतही नाहीत. काट्यासकट खाल्लेली मांदेली आणि सुका जवळाही चांगलं कॅल्शियम देतात. पालकात ते असतं, पण त्यातलं ऑक्झलेट ते शोषू देत नाही.

गोळी लागलीच तर पट्टीवरचा आकडा नीट वाचा: १,२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे प्रत्यक्षात ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम. ती जेवणासोबत घ्यायची. लोहाच्या गोळीबरोबर नको, थायरॉइडच्या गोळीनंतर निदान चार तास नको.

### लोह, ए, के

लोहाच्या गोळीआधी-नंतर तासभर चहा नको. लोहाचं पातळ औषध दात काळे करतं, स्ट्रॉने घ्या आणि वर पाणी प्या. ए जीवनसत्त्व गरोदरपणी अति झालं तर बाळाला अपाय करतं, त्यामुळे कॉड लिव्हर तेलाच्या कॅप्सूल विचारल्याशिवाय नकोत. रक्त पातळ करणारं वॉरफेरिन किंवा त्याच गटातलं औषध चालू असेल तर पालेभाज्यांचं प्रमाण अचानक वाढवू किंवा कमी करू नका, त्यातल्या के जीवनसत्त्वाने औषधाचं गणित बदलतं.

## टप्पा ७: मुलं आणि गरोदर स्त्रिया

बाळाचे दुधाचे दात आईच्या पोटातच, चौथ्या महिन्याच्या सुमारास घडू लागतात. पहिली कायमची दाढ जन्माच्या आसपास घडायला सुरुवात होते आणि साधारण सहाव्या वर्षी उगवते. दात घडत असतानाच डी आणि कॅल्शियम कवचाच्या कामी येतं. म्हणजे आईचा आहार आणि मुलाची पहिली आठ वर्षं हीच संधी.

गरोदरपणी हिरड्या सुजतात, रक्त येतं. स्केलिंग करून घेता येतं, मधले तीन महिने सोयीचे. दुखणं असेल तर कुठल्याही महिन्यात जा. उलटी झाल्यावर लगेच ब्रश नको, चूळ भरून अर्धा तास थांबा.

मुलाला पहिला दात आला की ब्रश सुरू आणि पहिल्या वाढदिवसापर्यंत डेंटिस्टची पहिली भेट. फ्लोराइडची पेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षं वाटाण्याएवढी. सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश आईवडिलांनीच करायचा. सहाव्या वर्षी सगळ्यात मागे उगवणारी दाढ पालक दुधाची समजतात आणि किडू देतात. ती कायमची आहे. पूर्ण वर आली की तिच्या खाचा भरून घ्या, आणि धोका जास्त असेल तर वर्षातून दोनदा फ्लोराइडचं वार्निश लावून घ्या.

मुलांच्या व्हिटॅमिनच्या चिकट गोळ्या आणि गोड सिरप रात्री ब्रशनंतर देऊ नका. जेवणाबरोबर द्या. बाटलीत दूध घेऊन झोपणाऱ्या मुलाचे वरचे पुढचे दात आधी किडतात.

## टप्पा ८: तीन महिन्यांनी

तीन महिन्यांनी नवा ब्रश काढाल, त्याच दिवशी वहीचं नवं पान उघडा. पुन्हा आरसा आणि टॉर्च, खालच्या दातांमागची कड, जीभ, तीन बोटं. पुन्हा दोन दिवसांची खाण्याची नोंद, फक्त वेळा मोजायच्या. डी किंवा बी-१२ कमी निघालं असेल तर याच सुमारास डॉक्टरांच्या सांगण्यानुसार पुन्हा तपासा. आकडा भरून आला असेल तर जास्त मात्रेची गोळी उतरवून रोजच्या मात्रेवर कसं यायचं ते विचारा.

आकडा भरला आणि तोंड येणं थांबलं नाही, तर गोळी वाढवू नका. किडक्या दाताची धार लागते का, कवळी घासते का, टूथपेस्टमधला फेस आणणारा सोडियम लॉरिल सल्फेट सोसत नाही का, हे पाहायला डेंटिस्टकडे परत जा. जाताना वापरातली पेस्ट आणि कवळी दोन्ही पिशवीत घाला.